सप्तपदी म्हणजे सात फेरे नव्हेत

प्रश्न : भाचीच्या लग्नात गुरुजींनी तांदळाच्या सात राशी ओळीने मांडल्या. मुलाकडच्यांचं म्हणणं असं की, सप्तपदी म्हणजे अग्नीभोवती सात फेरे, ते झालेच नाहीत. खरं काय?

उत्तर : गुरुजींचं बरोबर होतं. पद म्हणजे पाऊल. फेरे वेगळे, सप्तपदी वेगळी. सिनेमा-मालिकांनी दोन्हींची सरमिसळ केली आहे. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे (घरातल्या संस्कारांचे विधी सांगणारा प्राचीन ग्रंथ) लागणाऱ्या लग्नात प्रदक्षिणा तीन, त्याही लाजाहोमाच्या, म्हणजे अग्नीत लाह्यांची आहुती देण्याच्या विधीच्या. त्या आटोपल्या की सप्तपदी.

सूत्रात पावलं ईशान्येकडे टाकायला सांगितली आहेत. प्रत्यक्षात बहुधा अग्नीच्या उत्तरेला राशी मांडतात. एका राशीला मूठभर तांदूळ पुरतात, वर एक सुपारी. दोन राशींत वीत-दीड वीत अंतर ठेवावं. स्टेज अरुंद असलं की राशी गोलाकार मांडल्या जातात आणि पाहणाऱ्याला पुन्हा फेरेच वाटतात! सुपारी राशीच्या मधोमध ठेवली तर टाचेखाली घरंगळते, म्हणून ती कडेला दाबून बसवावी.

उजवं पाऊल राशीवर, मग डावं मागून आणायचं. ते उजव्याच्या पुढे जाता कामा नये. नेहमी चुकतं ते इथेच. फोटोग्राफर घाई करतो, नवरी चालल्यासारखी पावलं टाकते आणि एका मंत्रात दोन राशी ओलांडल्या जातात. मंत्र पुरा होईपर्यंत राशीवर थांबायचं.

पहिलं पाऊल अन्नासाठी (इष), दुसरं बळासाठी (ऊर्ज), तिसरं धनवृद्धीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. सातव्याला ‘सखा सप्तपदी भव’, म्हणजे सातव्या पावलाने माझी मैत्रीण हो. सात जन्मांचं वचन या मंत्रांत कुठेही नाही. मात्र ‘सा मामनुव्रता भव’, माझ्या व्रताला अनुसर, हेही त्याच मंत्रात आहे. ते गाळून नुसत्या मैत्रीचे गोडवे गाऊ नयेत. सातव्या राशीनंतर दोघांची डोकी जवळ आणून कलशातलं पाणी शिंपडतात. हा भाग हल्ली सर्रास राहून जातो.

प्रश्न : लाजाहोमासाठी चुरमुरे चालतील का? लाह्या किती आणाव्यात?

उत्तर : चुरमुरे नकोत. लाजा म्हणजे साळीच्या लाह्या, टरफलासकट भात भाजून फुललेल्या. पाव किलो भरपूर होतात. अडकलेली टरफलं आदल्या दिवशी पाखडून काढा.

नवरीच्या ओंजळीला आधी तूप लावतात, भाऊ दोनदा लाह्या घालतो, वरून पुन्हा तूप. ओंजळ न उघडता, पळीतून सोडल्यासारख्या बोटांच्या टोकांवरून लाह्या अग्नीत सोडायच्या. अशा तीन आहुत्या अर्यमा, वरुण आणि पूषा यांना. चौथी सुपाच्या कोपऱ्याने, मंत्र न म्हणता. ओंजळ एकदम उलटी केली की ज्वाळा दबते आणि मांडवभर धूर होतो. लाह्या हलक्या, त्यामुळे तेवढा वेळ पंखा बंदच हवा. प्रत्येक प्रदक्षिणेबरोबर नवरी सहाणेवर किंवा पाट्यावर पाय ठेवते, ‘अश्मेव त्वं स्थिरा भव’, दगडासारखी स्थिर हो. कानपिळी हा भावाचा मान याच सुमारास.

प्रश्न : मग लग्न लागलं कधी म्हणायचं? अंतरपाट दूर झाल्यावर की सप्तपदीनंतर?

उत्तर : मुहूर्त अंतरपाटाचा. कायद्याचं उत्तर निराळं आहे. हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 7 : ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे, त्यांचा विवाह सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण आणि बंधनकारक होतो. ज्यांच्यात ती नाही, त्यांना दोघांपैकी एका पक्षाचे रूढ विधी पुरतात. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने आवश्यक विधी सिद्ध न झाल्यामुळे दुसरं लग्न ग्राह्य धरलं नाही आणि द्विभार्येच्या गुन्ह्याची शिक्षा टिकली नाही. तेव्हा जेवणाच्या पंगती खोळंबल्या म्हणून सप्तपदी उरकू नका, आणि सातव्या पावलाचा फोटो विवाह नोंदणीच्या कागदांबरोबर जपून ठेवा.