लिस्बनमध्ये जेवायला कोठे जावे?

प्रश्न : आमची मुलगी शिक्षणासाठी लिस्बनला असून येत्या जूनमध्ये आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. माझे यजमान पूर्ण शाकाहारी आहेत, मी मासळी खाते. तेथे भारतीय उपाहारगृहे पुष्कळ आहेत, पण आपल्या चवीचे जेवण मिळत नाही, अशी मुलीची तक्रार आहे. आम्ही कोठे जेवावे आणि येथून काय न्यावे?
– एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : आपल्या मुलीची तक्रार रास्त आहे. नुसती ‘इंडियन’ अशी पाटी पाहून आत गेल्यास बहुतेक ठिकाणी बटर चिकन, नान आणि तंदुरी एवढेच पुढे येते, आणि तेही तिकडच्या गिऱ्हाइकाला सोसेल इतके सौम्य केलेले असते. आपल्या ओळखीची चव हवी असेल, तर येथून तेथे कोण जाऊन स्थायिक झाले, याचा माग काढत जावे. 1961 च्या आधी आणि नंतर गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगालला गेली. 1975 मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तेथील गोवेकर आणि दीव-गुजरातकडील हिंदू कुटुंबेही लिस्बनमध्ये आली. या दोन समाजांच्या स्वयंपाकघरांतच आपले समाधान होईल.

यजमानांसाठी मी निःशंकपणे लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिराचे नाव सुचवीन. हिंदू समाजाच्या या मंदिराच्या भोजनगृहात गुजराती पद्धतीचे शुद्ध शाकाहारी जेवण मिळते आणि ते सर्वांना खुले आहे. डाळीत थोडा गोडवा असेल, पण मांसाहाराच्या भांड्यांची शंका मनात न ठेवता पोटभर जेवता येईल, आणि शाकाहारी माणसाला परदेशात त्याचेच मोल अधिक असते.

आपल्यासाठी मोरारिया या जुन्या वस्तीतील ‘तेंतासोइंश द गोआ’ हे लहानसे गोमंतकीय उपाहारगृह आहे. अशी घरगुती ठिकाणे अधूनमधून बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी मुलीला फोन करून चौकशी करायला सांगावे. तेथे ‘शाकुती’ म्हणजे आपली शागोती, आणि ‘कारील’ म्हणजे नारळाच्या रसातली आमटी, हे ध्यानात ठेवावे. ही चव ख्रिस्ती घरांतली, व्हिनेगरच्या आंबटपणाची आहे. तिरफळे घातलेले हुमण (माशाचे कालवण) किंवा खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण) मात्र तेथे शोधू नये, कारण गोव्यातील हिंदू स्वयंपाकघरे तिकडे फारशी गेलीच नाहीत. कोणत्याही उपाहारगृहात बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज समोर ठेवतात. त्यांना हात लावल्यास पैसे द्यावे लागतात, नको असल्यास परत पाठवावे.

मला विचाराल, तर तीन आठवड्यांत निम्मे जेवण आपण मुलीच्या घरीच रांधावे. मार्तीं मोनीश चौकाच्या परिसरात डाळी, तांदळाचे पीठ, चिंच आणि मसाले विकणारी दुकाने ओळीने आहेत. मासळीची तर ददातच नाही. कावाला हा मासा आपल्या बांगड्याचा जवळचा नातेवाईक असल्याने त्याची उड्डामेथी (उडीद-मेथीचे कालवण) चांगली होते, आणि आपण जाता त्या जूनमध्ये सार्डिनचा हंगाम असतो. 12 जूनच्या रात्री, संत आंतोनीच्या सणाला, गल्लोगल्ली निखाऱ्यांवर सार्डिन भाजत असतात. तारल्यांची आवड असेल, तर ती रात्र चुकवू नये.

येथून नेताना सुकी तिरफळे आणि सोले (आमसुले) अवश्य घ्यावीत, कारण या दोन वस्तूंवाचून आपले जेवण तेथे अडते. सुकी सुंगटे (कोळंबी) नेण्यास युरोपीय संघाच्या नियमांत मुभा आहे, मासळीची मर्यादा माणशी 20 किलो आहे. फक्त वास बाहेर येणार नाही अशी बांधावीत. मांस आणि दुग्धजन्य पदार्थांना मात्र प्रवाशांच्या सामानातून बंदी आहे. आईच्या पिशवीत हमखास असणारे पेढे आणि तुपाची बरणी विमानतळावर काढून घेतली जाईल, म्हणून ती घरीच ठेवावीत. तेथे पोर्तुगालच्याच आसोरिश (अझोर्स) बेटांवरचे उत्तम लोणी सर्वत्र मिळते. पहिल्याच दिवशी ते कढवावे, म्हणजे यजमानांच्या वरणभातावर घरचे तूप असेल.