पाणी बंद राहणार, हे कसे सांगावे?

प्रश्न : मी पत्रकारितेची पदविका घेतली असून मुंबई महानगरपालिकेच्या जनसंपर्क विभागात काम करावे, असे वाटते. समारंभांच्या प्रसिद्धीपलीकडे तिथे काही असते का?

उत्तर : पुष्कळ असते, आणि माझ्या मते तेच मोलाचे आहे. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असेल, तर अभियंत्यांच्या टिपणात वाहिनीचा व्यास आणि झडपांचा तपशील आधी येतो. रहिवाशांना मात्र आपल्या रस्त्यावर पाणी केव्हा जाणार, कमी दाबाने केव्हा येणार आणि ते उकळून प्यावे का, एवढेच हवे असते. हा क्रम बदलून, विभागवार रस्त्यांची नावे खात्याकडून पुन्हा तपासून घेऊन पत्रक वेळेत वृत्तपत्रांकडे पोहोचवणे, हे खरे कौशल्य होय. पावसाळ्यात भरतीच्या वेळा आणि १९१६ हा मदत क्रमांकही असाच ठळक द्यावा लागतो. अर्ज करण्यापूर्वी अशी दोन-चार पत्रके आपण स्वतः नव्याने लिहून पाहावीत.