फेलोशिप रखडली म्हणून पीएचडी सोडावी का?

संशोधक विद्यार्थ्यांचे समुपदेशन करताना एक प्रश्न मला निरनिराळ्या तोंडून सतत ऐकायला मिळतो. "फेलोशिपचे, म्हणजे संशोधनासाठी मिळणाऱ्या विद्यावृत्तीचे, पैसे कित्येक महिन्यांपासून आलेले नाहीत, घरी सांगता येत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, पीएचडी सोडून द्यावी का?" प्रश्न पैशाचा असतो, यात शंका नाही. परंतु विद्यार्थी माझ्यासमोर येऊन बसेपर्यंत त्यात लाज, एकटेपणा आणि स्वतःच्या पात्रतेविषयीची शंका इतकी मिसळलेली असते की मूळ अडचण कुठे आहे, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. अशाच एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या संमतीने आणि तिची ओळख पटणार नाही अशी काळजी घेऊन येथे मांडत आहे.

ती जालना जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातली. अर्थशास्त्रात एम.ए., मग सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, त्यानंतर पीएचडीची नोंदणी आणि शासनाच्या एका संस्थेची फेलोशिप, असा तिचा प्रवास होता. संशोधनाचा विषय महिला बचत गटांचे कर्जव्यवहार हा होता. घरात दहावीच्या पुढे शिकलेली ती पहिलीच. मराठवाड्यात यात नवल वाटण्यासारखे काही नाही. १९५८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या भागातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ मधले. संशोधन म्हणजे काय, गाईडशी कसे बोलावे, विद्यापीठाच्या कार्यालयात कोणता कागद कोणाकडे द्यावा, हे सांगणारे मोठे माणूस ज्यांच्या घरात नाही अशी मुलेमुली येथे आजही फार आहेत. नोकरी लागली की महिन्याला पगार येतो, हे घराला कळते. फेलोशिपच्या यादीत नाव आले, गावात पेढे वाटून झाले, आणि तरीही खात्यात रुपया नाही, हे घराला समजावणे कठीण असते.

पहिल्या भेटीत तिने पैशाचे नावही काढले नाही. डोके दुखते, झोप लागत नाही, "मॅडम, वाचायला बसलं की तेच पान परत परत वाचते," एवढेच ती सांगत होती. बऱ्याच वेळाने तिने पिशवीतून वही काढली. पुढच्या पानांवर मुलाखतींच्या नोंदी होत्या आणि शेवटच्या पानावर हातउसन्यांचा हिशोब: मेसवाल्या काकूंचे राहिलेले, खोलीतल्या मैत्रिणीचे, झेरॉक्सवाल्याचे, मावसभावाचे. प्रत्येक रकमेपुढे तारीख होती आणि ज्यांचे थोडेफार फेडले होते त्यांच्यापुढे बारीक अक्षरात उरलेला आकडा होता. बचत गटांच्या कर्जाचा अभ्यास करणाऱ्या मुलीला हिशोब शिकवण्याची गरज नव्हतीच. ती वही तिने त्या दिवसापर्यंत कोणालाही दाखवली नव्हती.

तिचे वडील अधूनमधून फोनवर विचारत, "कधी यायलेत गं तुझे पैसे?" पेरणीचे दिवस होते, सोयाबीनचे बियाणे आणि खत घ्यायचे होते, म्हणून त्यांनी सरळ विचारले होते. तिला मात्र त्यात ठपका ऐकू आला. आपण घरावर भार झालो आहोत, असे वाटून तिने आधी फोन उचलणे कमी केले आणि नंतर गावाकडे जाणेही टाळले. विभागातही ती गाईडसमोर जाईनाशी झाली, कारण ते प्रबंधाच्या प्रकरणाविषयी विचारतील ही धास्ती. बोलता बोलता ती म्हणाली की कधी कधी सकाळ होऊच नये असे वाटते. असे वाक्य ऐकल्यावर विषय बदलणे किंवा "असे बोलू नये" म्हणून दटावणे धोक्याचे असते. मी तिला स्पष्ट शब्दांत विचारले, की जीव देण्याचा विचार मनात येतो का, तसे काही ठरवले आहे का. तसा बेत नव्हता. थकवा होता आणि सुटकेची इच्छा होती. तरीही रात्री अस्वस्थ वाटल्यास कोणाला फोन करायचा हे आम्ही त्याच भेटीत ठरवले. १४४१६ हा शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक तिच्या फोनमध्ये नोंदवला. ही सेवा २०२२ पासून चोवीस तास सुरू असून मराठीतूनही बोलता येते. खोलीतल्या मैत्रिणीला विश्वासात घ्यायलाही ती तयार झाली.

पुढच्या भेटीत मी विचारले, "पैसे का आले नाहीत, असं तुला वाटतं?" ती चटकन म्हणाली, "माझं काम बरोबर नसेल." असे तिला कोणी सांगितले होते का? कोणीही नाही. सहामाही प्रगती अहवाल दिला होता का? विभागात दिला होता. पोहोच घेतली होती का? यावर ती गप्प झाली. या तिच्या गप्प बसण्यात मला तिच्या अडचणीचे मर्म दिसले. ज्या गोष्टीचे कारण कार्यालयाच्या एखाद्या टेबलावर शोधायला हवे होते, ते ती स्वतःच्या बुद्धीत शोधत होती.

फेलोशिपची रक्कम हातात येण्याआधी किती हात बदलते, हे विद्यार्थ्याला कोणी बसून समजावत नाही. तिच्या फेलोशिपच्या नियमाप्रमाणे प्रगती अहवालावर गाईडची सही, मग विभागप्रमुखांची, सोबत हजेरीपत्रक, वसतिगृहात राहत नसल्यास घरभाड्याचे प्रमाणपत्र, संशोधन सल्लागार समितीच्या म्हणजे आरएसीच्या बैठकीचे इतिवृत्त, त्यानंतर विद्यापीठाच्या संबंधित कक्षाची शिफारस आणि शेवटी फेलोशिप देणारी संस्था, असा तो क्रम होता. यातला एक कागद कमी पडला तर संपूर्ण संच थांबतो आणि तो थांबल्याचे पत्र विद्यार्थ्यापर्यंत येईलच असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जेआरएफचेही, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचेही, तसेच. १ जानेवारी २०२३ पासून या फेलोशिपची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिप म्हणून ४२,००० रुपये आहे. पण विद्यार्थी संशोधन करत असल्याची ऑनलाइन पुष्टी विद्यापीठाने केल्याशिवाय ती सुटत नाही. म्हणजे पैसे थांबले याचा अर्थ आपली पात्रता तपासून कोणी नकार दिला, असा मुळीच होत नाही.

तिने काय करायचे हे आम्ही मिळून ठरवले. तोंडी चौकशीऐवजी एक पानी अर्ज लिहायचा, त्यात नोंदणी क्रमांक, फेलोशिपचा मंजुरी आदेश, अहवाल दिल्याची तारीख आणि "माझा प्रस्ताव सध्या कोणत्या स्तरावर आहे व कोणत्या कागदाची पूर्तता अपेक्षित आहे, हे कळवावे" एवढी एकच विनंती ठेवायची. अर्जाची दुसरी प्रत आवक विभागात नेऊन तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. हे ऐकून ती घाबरली. "सर नाराज होतील, मॅडम. तक्रार केली असं वाटेल त्यांना." ही भीती खोटी आहे असे मी कधीच म्हणत नाही, गाईडच्या मर्जीवर पुढची वर्षे अवलंबून असताना ती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून आधी गाईडना भेटून अर्जाचा मसुदा त्यांनाच दाखवायचे ठरले. काय बोलायचे याचा सराव आम्ही माझ्या खोलीत केला. पहिल्यांदा तिने सुरुवातच "सॉरी सर" अशी केली. ते शब्द काढून टाकायला बराच वेळ लागला.

गाईडनी मसुदा वाचला आणि त्यांनाच ध्यानात आले की परीक्षेच्या कामामुळे त्या सत्रातली आरएसीची बैठक लांबली होती, त्यामुळे इतिवृत्त जोडलेच गेले नव्हते. अहवाल विभागातच, इतर कागदांखाली, पडून होता. आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी विनियमांनुसार संशोधकाने दर सत्रात सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते. बैठक कधी आहे हे विचारणे हा विद्यार्थ्याचा आगाऊपणा ठरत नाही, हे तिला त्या दिवशी उमगले.

अर्जाला उत्तरच मिळाले नाही, तर काय, असेही विद्यार्थी विचारतात. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक केले आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. हा मार्ग पहिल्या दिवशी वापरण्याचा नाही. मात्र तो आहे, एवढे ठाऊक असले तरी माणसाचा आवाज बदलतो. अर्थात तेथेही पोहोच असलेला कागदच उपयोगी पडतो.

या काळात तिला सर्वाधिक त्रास बातम्यांनी दिला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. संशोधकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दिवस फेलोशिप बंद झाल्याचा निरोप येई, दुसऱ्या दिवशी रक्कम वाढल्याचा, तिसऱ्या दिवशी सर्वांची थकबाकी जमा झाल्याचा. आणि प्रत्येक निरोपाबरोबर तिची झोप वर-खाली होई. ज्या निरोपासोबत जावक क्रमांक आणि तारीख असलेले परिपत्रक नाही, त्याच्यावर काळजी करायची नाही, असा नियम आम्ही केला. फेलोशिप देणाऱ्या संस्था अनेक आहेत: अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय, आणि नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी, सर्वांसाठी खुली असलेली आयोगाची जेआरएफ, या प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत. एकीचे परिपत्रक दुसरीला लागू होत नाही, आणि ग्रुपवर नेमकी तीच गल्लत होते. आठवड्यातून एक दिवस ठरवून आपल्या संस्थेचे संकेतस्थळ पाहावे आणि बाकीचे दिवस ग्रुप बंद ठेवावा, हा उपाय साधा आहे, पण झोपेवर त्याचा परिणाम मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे.

नातेवाइकांनी तिला तासिका तत्त्वावर शिकवण्याचाही सल्ला दिला होता. गरजेपोटी तो पटण्यासारखा आहे. तथापि बहुतेक फेलोशिपच्या हमीपत्रात अन्य मानधनाचे काम न करण्याची अट असते आणि ती मोडल्यास घेतलेली रक्कम परत करण्याची वेळ येऊ शकते, म्हणून आधी हमीपत्र काढून वाचावे. तिने वाचले आणि तो विचार सोडला. मेसच्या काकूंशी मात्र ती मोकळेपणाने बोलली, अर्जाची पोहोच दाखवली आणि हप्ता ठरवून घेतला.

विद्यापीठाच्या आवारात जे आधीपासून आहे, ते वापरण्याची सवयही तिला लावावी लागली. लेख मिळवण्यासाठी ती ओळखीच्यांना विनवण्या करत होती. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत राज्य विद्यापीठांनाही हजारो नियतकालिके खुली झाली आहेत, आणि शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर देशभरातले प्रबंध विनामूल्य वाचता येतात, हे तिला ग्रंथालयातील कर्मचाऱ्याने संगणकासमोर बसवून दाखवले. त्यानिमित्ताने ती रोज ग्रंथालयात बसू लागली आणि तेथे आणखी दोघीजणी भेटल्या, ज्यांचे पैसेही अडकलेले होते. मला हे माझ्या कोणत्याही सल्ल्याहून मोलाचे वाटते. खोलीत एकटीने बसून जी गोष्ट स्वतःचा नालायकपणा वाटते, तीच तिघींनी सांगितली की कार्यालयीन विलंब म्हणून दिसू लागते.

घरचा प्रश्न शेवटी हाताळला. वडिलांशी बोलायला ती कचरत होती, म्हणून मंजुरी आदेश आणि शिक्का असलेला अर्ज घेऊन ती गावी गेली. "दादा, पैसे मंजूर आहेत, हे बघा. कागद एक राहिला होता, तो दिलाय. कधी येतील ते मला सांगता येत नाही, पण बुडालेले नाहीत," असे तिने सांगितले. वडिलांना आकड्यांपेक्षा तो शिक्का कळला. पीककर्ज आणि पीकविम्याच्या कागदांनी त्यांना पोहोच म्हणजे काय हे चांगले शिकवले होते. आईने लग्नाचा विषय काढला. यावरही तिच्याजवळ माहिती होती. पीएचडीसाठी सहा वर्षांची मुदत असते, पुनर्नोंदणीने ती दोन वर्षांपर्यंत वाढवता येते, महिला संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, आणि लग्नामुळे गाव बदलले तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची तरतूदही आहे. लग्न की पीएचडी, असा पेच घरात उभा करण्याचे कारण उरले नाही. निर्णय कधी घ्यायचा, हे त्यांनी पुढे ढकलले.

थकबाकीचा मोठा भाग काही महिन्यांनी तिच्या खात्यात जमा झाला आणि वहीतली बहुतेक नावे तिने खोडली. घरभाड्याची रक्कम अजून आलेली नाही. त्यासाठी तिचा दुसरा अर्ज कक्षात आहे आणि त्याचा आवक क्रमांक तिच्याजवळ आहे. तिसरे प्रकरण तिने गाईडकडे दिले असून आता ती माझ्याकडे महिन्यातून एकदाच येते.