विडीला हात न लावताही?

प्रश्न : आमच्या आईने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, घरातही कोणी ओढत नाही, तरीही तिला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. समुद्राकाठच्या मोकळ्या हवेत हे कसे घडले? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : आईंच्या आजाराचे नेमके कारण सांगता येणार नाही, मात्र त्यांचे काही चुकले, असे कृपया मनात आणू नका. बाहेरच्या हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केले आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोलवर उतरून दाह निर्माण करतात आणि, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ईजीएफआर जनुकात आधीच बदल झालेल्या, एरवी सुप्त राहणाऱ्या पेशींना हा दाह वाढीस प्रवृत्त करू शकतो. म्हणून या जनुकाची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण बदल आढळल्यास त्यावर नेमका परिणाम करणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत.

खारा वारा अंगणात असला, तरी नारळाची सोडणे (वरची साले) आणि ओली लाकडे घातलेल्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या श्वासात असेच बारीक कण जातात. लाकडाचा घरगुती धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ मानला गेला आहे. आंघोळीचे पाणी अजून घरातल्या चुलीवर तापत असेल, तर ती चूल आधी बाहेर हलवा.