आधी पुरवणी जबाब दे, कोर्टाचं नंतर बघ

अगं, चार पानांचं तुझं पत्र आणि त्यातली साडेतीन पानं घराची. भाऊ २०१७ मध्ये सांगलीतून गेला तो परत आलाच नाही, शेवटचा मिरज स्टेशनवर कुणालातरी दिसला, वडिलांमागे घराला तुम्ही तिघं वारस म्हणून घर विकता येत नाही, वकील म्हणतो सात वर्षं उलटलीत, कोर्टातून मृत जाहीर करून घ्या, आणि आई म्हणते जिवंत पोराच्या नावाने मी असल्या कागदावर सही करणार नाही. आईला कसं समजावू एवढंच तू विचारलंयस.

पण तिसऱ्या पानावर तू कंसात लिहिलंयस, की तेव्हा त्याच्या डोक्याच्या गोळ्या चालू होत्या, पण तुझ्यासाठी स्थळं बघत होते म्हणून आईने मिसिंगच्या तक्रारीत ते सांगू दिलं नाही, आणि 'ह्यांना' अजूनही माहीत नाही.

हे कंसात लिहितात का गं?

मला राग आलाय, खोटं कशाला बोलू. आई रात्री दाराला कडी लावत नाही म्हणतेस, पण दार उघडं ठेवून पोलिसांना अर्धीच माहिती द्यायची ही कसली माया? पोलिसांच्या कागदावर एक धडधाकट, रागावून घर सोडलेला पोरगा आहे आणि शोध घेतला असेल तो त्याचाच. तुझा भाऊ तो नव्हताच. गोळ्या सुटलेला माणूस समोर येईल त्या गाडीत बसू शकतो, मिरजेहून गाड्या पुण्याला जातात, हुबळीला जातात, पंढरपूरकडेही जातात, कुठेही उतरेल, तिथली भाषा येत नसेल, नाव विचारलं तरी सांगेलच असं नाही.

कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा नावाची संस्था आहे, २०१८ चा मॅगसेसे त्यांना याच कामासाठी मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून उपचार करतात, औषध लागू पडलं की बरेच जण स्वतःच गावाचं नाव सांगायला लागतात, मग संस्थेची माणसं त्यांना घरी पोचवून येतात, कुणी बिहारचं, कुणी तमिळनाडूचं, काही तर नेपाळचे, आणि कित्येक जण वर्षानुवर्षं बेपत्ता असलेले. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा भटकणारा माणूस सापडला तर त्याची नोंद करून घरच्यांना शोधणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी केलीये. म्हणजे समज, दूरच्या कुठल्या ठाण्यात 'मनोरुग्ण, नाव सांगत नाही' अशी नोंद झाली असेल, तर तुमच्या 'तब्येत उत्तम'शी ती कोण जुळवणार?

तो सापडेलच असं मी म्हणत नाही. बेवारस मृतदेहांच्या नोंदीही बघाव्या लागतील, त्यासाठी आईच्या रक्ताचा नमुना लागू शकतो आणि आई काही तरुण होत नाहीये.

तर सोमवारी उठायचं आणि जिथे मिसिंग दिली त्याच पोलीस स्टेशनला जाऊन पुरवणी जबाब द्यायचा. आजाराचं नाव, डॉक्टरचं नाव, गोळ्यांची चिठ्ठी, अंगावरच्या खुणा, सगळं. चिठ्ठी हरवली असेल तर आधी त्या डॉक्टरकडे जा. जबाबाची पोच घे, आणि तीच माहिती फोटोसकट कर्जतला आणि ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूरच्या मनोरुग्णालयांना पाठव.

कोर्टाचं म्हणशील तर वकील चुकीचं सांगत नाहीये. आधी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाचं १११, ज्यांना माणसाची खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं ती मिळालीच नाही तर तो मृत धरता येतो, नेमका कधी गेला हे मात्र त्यातून ठरत नाही. घरात तुझाही हिस्सा आहे, आईची सही नसली तरी तिला प्रतिवादी करून दावा लावता येतो. पण तिथेही हीच तक्रार पुढे येणार आणि त्याच्या शोधासाठी काय काय केलं ते तुला शपथेवर सांगावं लागणार, तेव्हाही गोळ्या लपवणार आहेस का?

आणि नवऱ्याला रविवारी रात्रीच सांग. लग्न झालंय, पोरगी तिसरीत आहे, आता कुठलं स्थळ मोडायचं राहिलंय? चिडेल, चिडू दे, पण सोमवारी त्यालाच सोबत घेऊन जा, आईला नको, ती तिथेही तुला गप्प बसवेल.