प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : पारा, बर्फ आणि थिजलेलं खोबरेल

प्रश्न : आठवीच्या वर्गात थर्मामीटर बर्फात ठेवला की 2 अंश दाखवतो, उकळत्या पाण्यात 99. शाळा समुद्राला लागूनच आहे. थर्मामीटर टाकून द्यावा का? (शिक्षिका, मालवण)

उत्तर : टाकू नका, आधी बर्फ नीट करा. शून्य अंश मिळतो तो वितळत्या बर्फात. मोठे खडे घेतले तर मधे हवा राहते आणि थर्मामीटरच्या फुग्याला बर्फ धड लागतच नाही. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ तर उणे 15-18 अंशांवरही असू शकतो. फडक्यात बांधून बत्त्याने बारीक चुरा करा, पेल्यात गच्च भरा आणि चुरा चिंब होईल इतकंच डिस्टिल्ड पाणी घाला. फुगा पेल्याच्या मधोमध धरा, तळाला टेकवू नका. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे वितळलेलं, थोडं कोमट झालेलं पाणी तळाशीच साचतं. तुमचे 2 अंश तिथूनच येत असावेत. पाच मिनिटं थांबून वाचा.

मासळीच्या पेटीतला बर्फ वापरू नका. त्याला मीठ लागलेलं असतं आणि मिठाने बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो. तीन भाग बर्फात एक भाग मीठ मिसळलं तर पारा उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतो.

उकळबिंदू बघताना फुगा पाण्यात न बुडवता पाण्याच्या जरा वर, वाफेत धरा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते 100 च्या किंचित वर उकळतं, पण त्यातून निघालेली वाफ भांड्याच्या मानेत 100 लाच स्थिरावते. आंबोलीला, सुमारे 690 मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी पावणेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. मालवणात ती सबब चालत नाही.

एवढं करूनही 2 आणि 99 च आले, तर दोष खुणांमध्ये आहे आणि तो हिशेबाने काढता येतो. 100 अंशांच्या जागी या नळीत 97 घरं आहेत. वाचलेल्या आकड्यातून 2 वजा करा, 100 ने गुणा, 97 ने भागा. वर्गात 31 दिसले तर खरं तापमान 29.9. मुलांकडूनच करून घ्या, कारण अंश म्हणजे दोन पक्क्या खुंट्यांमधलं अंतर सारखं वाटून केलेलं माप, हे त्यातून हाताला कळतं. तापाचा थर्मामीटर मात्र या प्रयोगात आणू नका. त्याच्या नळीत 42 अंशांपर्यंतच जागा असते, उकळत्या पाण्यात काच फुटते आणि पारा सांडतो.

प्रश्न : जानेवारीत आमचं खोबरेल सकाळी पांढरं होतं, शेजाऱ्यांचं होत नाही. भेसळ कोणाची? (दापोली)

उत्तर : एवढ्यावरून कोणाचीच नाही. खोबरेल 24-25 अंशांच्या आसपास थिजायला लागतं. शेजाऱ्यांची बाटली चुलीजवळच्या फळीवर असली तरी एवढा फरक पडतो. पाणी गोठतं आणि तेल थिजतं, या दोन क्रियापदांत खरोखरच भेद आहे. शुद्ध पाणी शून्याला गोठतं आणि पुरतं गोठेपर्यंत पारा तिथेच अडतो. तेल अनेक मेदांचं मिश्रण. एकेक मेद आपापल्या तापमानाला घट्ट होतो, म्हणून आधी कण दिसतात आणि मग बाटली भरते. फ्रीजमध्ये थिजलं म्हणजे शुद्ध, असंही धरू नका, पामतेलही थिजतं. रात्रभर ठेवूनही पातळच राहिलं, तर शंका घ्या.

कोकमतेलाचा गोळा 38 ते 42 अंशांच्या दरम्यान वितळतो. टाचेची कातडी त्याहून थंड असते, म्हणून ते पळीत तापवून, सोसेल इतकं कोमट करून भेगांत भरायचं.

प्रश्न : डॉक्टर म्हणाले, ताप 2 अंश सेल्सिअसने उतरला. फॅरनहाइटमध्ये 35.6 येतात, हे कसं? (देवगड)

उत्तर : फरकात 32 मिळवायचे नसतात, नुसतं 1.8 ने गुणायचं. 2 अंशांचे 3.6 होतात. 32 मिळवायचे ते प्रत्यक्ष तापमान बदलताना, जसं 37 चे 98.6.