मीटिऑर 350 की सुपर मीटिऑर 650? भुसावळ-जळगाव रोजच्या प्रवासासाठी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही भुसावळला राहता, नोकरीसाठी रोज जळगावला जाऊन येता, उंची पाच फूट पाच इंच आहे, आजवर 125 सीसीची गाडी चालवली आहे, महिन्यातून एखाददोन वेळा पत्नीला मागे बसवून सातपुड्याकडे किंवा धुळे-नाशिकच्या बाजूला जाण्याची हौस आहे, आणि रॉयल एन्फिल्डच्या मीटिऑर 350 व सुपर मीटिऑर 650 या दोन क्रूझरपैकी (म्हणजे पाय पुढे ठेवून आरामात बसायच्या गाड्यांपैकी) कोणती घ्यावी हे ठरत नाही. मी अमळनेरचा आहे आणि 2021 पासून मीटिऑर 350 वापरतो. धुळ्याच्या माझ्या चुलतभावाने 2023 साली सुपर मीटिऑर 650 घेतली, आणि आम्ही दोघे सवडीप्रमाणे गाड्यांची अदलाबदल करत असल्यामुळे दोन्ही मी उन्हात, पावसात आणि घाटात भरपूर चालवल्या आहेत. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : तुम्ही 350 घ्यावी. मात्र ऐपत असेल तर मोठे इंजिन घ्यावे आणि नसेल तर लहान, हा जो हिशेब आपल्याकडे सर्रास मांडला जातो, त्यावरून मी हे सांगत नाही.

या दोन गाड्या नावाने आणि दिसण्याने सख्ख्या बहिणी वाटतात, पण आतून त्यांचा फारसा संबंध नाही. पूर्वी याच कंपनीची थंडरबर्ड 350 आणि 500 अशी जोडी मिळत असे, तेव्हा दोन्हींत एकच सिलिंडर होता आणि निवड खरोखरच कमी-जास्त ताकदीची होती. आताच्या 350 मध्ये 349 सीसीचा एक सिलिंडर आहे, त्याचा बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) 72 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 85.8 मिलिमीटर, म्हणजे लांब स्ट्रोकचे, संथ चालणारे इंजिन. त्याची ताकद 20.2 बीएचपी (अश्वशक्ती) आणि टॉर्क (गाडी ओढण्याचा जोर) 27 न्यूटन मीटर असून हा सगळा टॉर्क 4000 आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला 4000 फेऱ्यांवरच, हाती येतो. 650 मध्ये 648 सीसीचे जुळे सिलिंडर आहेत, बोअर 78 आणि स्ट्रोक 67.8 मिलिमीटर आहे, ताकद सुमारे 46 बीएचपी आणि टॉर्क 52.3 न्यूटन मीटर आहे, पण तो पूर्ण मिळवायला इंजिन 5650 आरपीएमपर्यंत न्यावे लागते. खालच्या आरपीएमला 650 दुबळी आहे असे मुळीच नाही. तिचा स्वभाव मात्र मोकळ्या रस्त्याचा आहे, आणि तुमच्या रोजच्या रस्त्यात मोकळा भाग किती येतो हे तुम्ही स्वतःच मोजून पाहा. साकेगाव आणि नशिराबाद ओलांडेपर्यंत ठीक आहे, त्यानंतर अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक आणि आकाशवाणी चौक यांच्या गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर जो वेळ जातो, त्यात 46 पैकी किती घोडे कामाला लागतील?

माझ्या मते या निवडीत सीसीपेक्षा वजन महत्त्वाचे आहे. 350 चे वजन 191 किलो आहे आणि 650 चे 241 किलो. फरक 50 किलोंचा, म्हणजे सिमेंटची एक अख्खी गोणी. गाडी चालू लागल्यावर ही गोणी जाणवत नाही, आणि शोरूमवाले जी चक्कर मारायला देतात तीत तर अजिबात कळत नाही. ती कळते ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधून गाडी मागे ओढताना, पेट्रोल पंपावर रांगेत पाय टेकत इंचाइंचाने सरकताना आणि घराच्या ओट्याशेजारच्या उतारावर गाडी वळवताना. गेल्या हिवाळ्यात आम्ही यावलकडच्या एका स्नेह्यांच्या शेतात भरिताला गेलो होतो. चुलतभावाची 650 मी बांधालगत साइड स्टँडवर लावली. जमीन वरून सुकलेली दिसत होती, पण आदल्या रात्री केळीला पाणी दिलेले होते आणि काळी माती खाली लोण्यासारखी मऊ होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून होत आली असतील, तोच ती गाडी कोणतीही घाई न करता, आमच्या डोळ्यांदेखत, डावीकडे कलंडली. उभी करायला तिघे लागले. नुकसान क्लच लिव्हरच्या वाकलेल्या टोकापुरतेच झाले, पण तेव्हापासून चुलतभाऊ आपल्या बॅगेत फरशीचा तळहाताएवढा तुकडा बाळगतो आणि स्टँडखाली ठेवतो. माझी 350 त्याच बांधाजवळ उभी होती आणि तिचाही स्टँड रुतला होता, फक्त ती मी एकट्याने सरळ केली.

उंचीबद्दल तुम्ही विशेष काळजी व्यक्त केली आहे. इथे एक फसगत होण्याचा संभव आहे. 650 ची सीट 740 मिलिमीटरवर आहे आणि 350 ची 765 वर, म्हणजे मोठी गाडीच बसायला अधिक ठेंगणी आहे. शोरूममध्ये तिच्यावर बसल्यावर दोन्ही पाय सपाट टेकतील आणि तुम्हाला वाटेल की प्रश्नच मिटला. परंतु पाय टेकणे आणि गाडी तोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे पाय 350 वरही व्यवस्थित टेकतात. तेव्हा उंचीचा विचार बाजूला ठेवा आणि एकदा तोललेली 241 किलोंची गाडी हातून कलली तर तुम्हाला ती सावरता येईल का, याचा विचार करा. 125 वरून थेट तिच्यावर जाणाऱ्याने तर तो करावाच. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकच असल्यामुळे काल 100 सीसी चालवणारा आज कितीही मोठी गाडी चालवू शकतो. युरोपात 35 किलोवॉटपर्यंतच्या (सुमारे 47 बीएचपी) गाड्यांसाठी मधल्या टप्प्याचा वेगळा परवाना असतो, आणि 650 ची ताकद नेमकी त्या मर्यादेच्या आत बसते. तिथल्या नवख्यांना ज्या गाडीसाठी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, ती आपण पेढे वाटून घरी आणतो.

आता उष्णता. मे महिन्यातील भुसावळबद्दल भुसावळच्या माणसाला मी काय सांगावे! दोन्ही इंजिने हवा आणि ऑइल यांवर थंड होतात, पाण्याचा रेडिएटर एकीलाही नाही. गाडी धावत असते तोवर काही तक्रार नसते, कारण इंजिनाला वारा लागत राहतो. पारा 45 च्या पुढे असताना सिग्नलला थांबलात की हा वारा बंद होतो आणि इंजिनाची धग थेट पायांना लागते. 350 ला एकच सायलेन्सर असल्याने ती प्रामुख्याने उजव्या बाजूने जाणवते, 650 ला दोन्ही बाजूंनी पाइप असल्याने दोन्ही नडग्या सारख्याच शेकतात. चुलतभाऊ एप्रिल-मे महिन्यांत धुळ्यातल्या धुळ्यात फिरायला स्कूटर वापरतो, हे त्याने स्वतः सांगायला हवे होते, पण तो सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

रस्त्यांविषयी एक आकडा लक्षात ठेवा. 350 चा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर, 170 मिलिमीटर आहे आणि 650 चा 135. गावागावांत लोकांनी स्वतःच्या हौसेने घातलेले उंच गतिरोधक तुम्हाला ठाऊक आहेत. मागे पत्नी बसलेली असताना 650 चे पोट अशा एका गतिरोधकाला मी घासवले आहे, आणि त्या आवाजाने जीव खरोखर कळवळतो. 650 चा व्हीलबेसही (दोन चाकांमधले अंतर) 1500 मिलिमीटर, म्हणजे 350 पेक्षा 100 मिलिमीटरने जास्त असल्याने ती अशा उंचवट्यावर मधोमध टेकण्याची शक्यता आणखी वाढते. शिवाय कोणत्याही क्रूझरवर पाय पुढे ठेवलेले असल्यामुळे खड्डा आला की सीटवरून उठून धक्का पायांवर घेता येत नाही, तो सरळ कमरेला बसतो. ही उणीव दोन्ही गाड्यांत आहे, पण मागचे शॉकअप्स कडक असल्यामुळे 650 वर ती जास्त छळते. शहाद्याहून तोरणमाळचा घाट मी पत्नीसह 350 वर चढलो आहे. सात पायरीच्या वळणांवर दुसरा-तिसरा गिअर पुरला आणि ताकद कमी पडली असे एकदाही वाटले नाही. तशा वळणांवर हलकी गाडी अधिक उपयोगी ठरते.

650 चे जे श्रेय आहे ते दिलेच पाहिजे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीचे ट्रक एकामागे एक लागतात. रस्ता दुपदरी आहे, समोरून एसटी येत असते, आणि अशा वेळी 350 वरून ओव्हरटेक करायचे तर आधी गिअर उतरवून, अंतर नीट जोखून, थोडा धीर धरावा लागतो. 650 वर नुसती मूठ पिळायची. हा फरक केवळ मौजेचा नाही, त्यात सुरक्षितताही आहे. तसेच धुळ्याहून नाशिककडे किंवा शिरपूरमार्गे सेंधव्याकडे तासन्‌तास जाताना 650 जे समाधान देते ते 350 ला देता येत नाही. 350 ची खुशी 80-85 च्या वेगात आहे, 95 च्या पुढे ती नाइलाजाने चालते. परंतु 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलला चौपदरी रस्त्यावर 80, नगरपालिका हद्दीत 60 आणि इतर रस्त्यांवरही 60 एवढीच कमाल वेगमर्यादा आहे, आणि ज्या समृद्धी महामार्गावर 650 चे चीज झाले असते तिथे दुचाकींना प्रवेशच नाही.

पैशांचे थोडक्यात सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांवर तो 40 टक्के झाला. 349 सीसीची गाडी एका सीसीने या सवलतीत बसली, आणि आधीच मोठी असलेली दरी रुंदावून किमती जवळजवळ एकास दोन झाल्या. नव्या गाडीसोबत घ्यावा लागणारा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा 2022 च्या दरांनुसार 150 ते 350 सीसीसाठी 7365 रुपये आणि 350 च्या वर 15117 रुपये होता. माझ्या वापरात 350 लिटरला 34 किलोमीटरच्या आसपास जाते, 650 साधारण 24. तुमचे रोजचे जाणे-येणे सुमारे 50 किलोमीटर धरले तर महिन्याच्या 25 दिवसांत 15 लिटरचा फरक पडेल. 650 घेण्याची ऐपत असणाऱ्याला हे 15 लिटर जड जाऊ नयेत, म्हणून मी त्यांचा फार बाऊ करणार नाही. टायर आणि सर्व्हिसिंग यांचा खर्चही त्याच मापाने वाढतो.

तुमची बदली उद्या धुळ्याला झाली आणि घर भुसावळलाच राहिले, किंवा घरात रोजच्या कामाला दुसरी हलकी गाडी आहे आणि ही फक्त लांबच्या प्रवासासाठी हवी आहे, असे असेल तर मी माझे उत्तर बदलेन आणि 650 घ्या म्हणेन. तसे नसेल आणि तरीही मन 650 कडेच ओढत असेल, तर टेस्ट राइड सकाळी गारव्यात न घेता दुपारी दोन वाजता घ्या आणि पत्नीला सोबत न्या. चक्कर मारून आलात की इंजिन बंद करून, गाडीवरून न उतरता, ती शोरूमच्या रॅम्पवरून पायांनी मागे ढकलत पुन्हा जागेवर लावून बघा.